मागच्या घरातला चिंचोका

भालेराव काका विडी ओढत नसत, सिगरेटही नाही. तरी त्यांच्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात कायम काडेपेटी असायची. दापोड्याच्या आमच्या गोदामात ते फाटकावरचे सुपरवायझर होते. एखाद्या ट्रक ड्रायव्हरने "फौजी, माचिस है क्या?" असं विचारलं, की ते काडेपेटी काढून देत, फाटकाबाहेरच्या टपरीकडे बोट दाखवत आणि म्हणत, "उधर जाके पी. और वापस लाके दे." तो परत येईपर्यंत ते तिथेच उभे राहत. विसरून निघालेल्या एका ड्रायव्हरच्या मागे ते रस्त्यापर्यंत चालत गेलेले मी वरच्या खिडकीतून पाहिले आहेत. एका काडेपेटीसाठी! मला तेव्हा ते चिक्कू वाटले होते.

मी वर ऑफिसात मालाची आवक-जावक कॉम्प्युटरवर चढवायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी ही घरात बोलायची भाषा. तीही मी कमीच बोलायचे. ऑफिसात सगळ्यांना वाटे, ही शिष्ट आहे. खरं म्हणजे मला पहिलं वाक्य सुरू करायला वेळ लागतो, आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी काका गेटपासवर सही घ्यायला वर आले.

"मॅडम, चौदा नंबरच्या रॅकवरचा माल आज जायचाय ना?"

"हो. सिस्टिममध्ये दाखवतंय."

"सिस्टिममध्ये दाखवतंय," ते म्हणाले. "तुम्ही पायाने बघितलंत का?"

मला प्रश्नच कळला नाही. ते जिन्यापर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी यावं म्हणून ते थांबलेत, हे कळायलाही मला जरा वेळ लागला. खाली चौदा नंबरच्या रॅकवर पत्र्यातून पाणी गळून खालच्या दोन ओळींचे खोके फुगले होते. कॉम्प्युटरमध्ये ते ठणठणीत होते. काका रागावले नाहीत. परत निघताना एवढंच म्हणाले, "डोळे खुर्चीत बसून चालतात. पाय न्यावे लागतात."

'पायाने बघितलं का?' हा त्यांचा प्रश्न सगळ्यांना असे. लाइट गेली सांगणाऱ्या वायरमनला, कंटेनरचं सील शाबूत आहे म्हणणाऱ्या पहारेकऱ्याला, मॅनेजरलासुद्धा. काका बुटके, रुंद खांद्यांचे, साठी ओलांडलेले. सैन्यात ते रणगाड्याचे ड्रायव्हर होते. उंच माणसाला तिथे बसताच येत नाही, असं ते सांगायचे. बुद्धपौर्णिमेला ते घरून खिरीचं पातेलं आणत आणि आवारातल्या प्रत्येक माणसाला, नुकत्याच आत आलेल्या ट्रकच्या क्लीनरलाही, वाटीभर खीर मिळाल्याशिवाय स्वतः खात नसत. एवढा माणूसवेडा माणूस एका बाबतीत मात्र कोणाचं ऐकत नसे.

आमच्या आवारात कुठलीही गाडी मागे घ्यायची तर तिच्या मागे एक माणूस पायी चालला पाहिजे. ड्रायव्हरला आरशात दिसेल असा, हात वर करून. तो माणूस आरशातून नाहीसा झाला, की गाडी जिथल्या तिथे थांबली पाहिजे. दुसरं कोणी रिकामं नसेल तर काका स्वतः चालायचे. उन्हातान्हात, दिवसाला तीस-चाळीस वेळा. बाकीच्या गोदामांत गाड्या सरसर मागे जाऊन माल चढवायच्या धक्क्याला लागत, आणि आमच्याकडे रांग लागे. ड्रायव्हर वैतागायचे.

"क्या फौजी, बारात निकाल रहा है क्या?"

"हाँ. और तू दूल्हा है," काका मागे चालताचालता ओरडत. "सेहरा बंधा है तेरा, पीछे का कुछ दिखता नहीं तेरे को."

रांगेतले सगळे हसत. गाडी मात्र काकांच्याच वेगाने मागे जाई.

*

रविवारी आमचं गोदाम अर्धा दिवस चालू असे. जेवणानंतर शेवटची गाडी गेली, की फाटकाच्या केबिनमध्ये एक मोठा पुठ्ठा उलगडला जाई. फ्रिजच्या खोक्याचा तो पुठ्ठा होता आणि त्याच्या मागच्या बाजूला काकांनी पेन्सिलीने मधमाशांच्या पोळ्यासारखी शेकडो षटकोनी घरं आखली होती. मधून वरच्या टोकाला कोरडा पडलेला एक कालवा, त्यावर एकच पूल, पलीकडे टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी अरुंद वाट. प्रत्येक बाजूला पाच रणगाडे आणि वीस सैनिकांचं पायदळ. रणगाडे मोडक्या धोट्यांचे होते. मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. त्याचे तुकडे करून वर एकेक खिळा ठोकला होता, ती तोफ. पायदळ म्हणजे चिंचोके. एका बाजूचे तसेच, दुसऱ्या बाजूचे चुना लावलेले. बारा डावांच्या शेवटी टेकडी ज्याच्याकडे, तो जिंकला.

धोटे बाळाराम शेठचे. काकांचा प्रतिस्पर्धी तोच. दापोड्यातलाच, आगरी, आमचं गोदाम उभं होतं ती जमीन त्याच्या वडिलांची भातशेती. आधी त्याने धामणकर नाक्याला बारा माग चालवले, मग ते विकून शेतात गोदामं बांधली. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी गाडी. रविवारी दुपारी तो घरच्या उकडलेल्या वालाच्या शेंगा घेऊन यायचा आणि फाटकातूनच ओरडायचा, "फौजी, तुजं रनगारं धुवून ठेव. आज जालतो!"

खेळाचा कणा होता कागद. सुरुवातीआधी दोघांनीही आपला बेत लिहून, घडी घालून पंचाकडे द्यायचा. पंच दोन्ही कागद वाचणार. ते एकमेकांचे वाचणार नाहीत. लिहिलं तेच करायचं. खेळात बेत बदलायची मुभा एकदाच, तीही पंचाला सांगून. हरणाऱ्याने शेवटी आपल्याच कागदाखाली 'हरलो' असं लिहून सही करायची. आधीचा पंच आमचा हिशेबनीस होता. पण कागद वाचताना त्याच्या भुवया हलतात आणि बेत फुटतो, अशी दोघांचीही तक्रार होती. एका रविवारी मी चावी द्यायला केबिनमध्ये गेले, तर बाळाराम शेठ माझ्याकडे बघतच राहिला.

"फौजी, ही बाय चालंल. ही हसत पन न्हाय न रडत पन न्हाय."

अशी मी पंच झाले. माझ्या चेहऱ्याचा कोणाला उपयोग झाल्याची ती पहिली वेळ.

मी नोंदी इंग्रजीत करू लागले, तर काकांनी वही माझ्याकडे परत सरकवली. "मराठीत लिही, पोरी. हरल्यावर मला वाचता आलं पाहिजे." तेव्हापासून त्यांनी मला 'मॅडम' म्हणणं सोडलं.

कागदांवरून मला ती दोन माणसं जितकी कळली, तितकी बोलण्यातून कळली नसती. बाळाराम शेठ लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचा. जमीनवाल्याच्या घरी त्या ढिगाने येतात. 'पाची गाऱ्या पुलावरून. टेकडी. चिंचोके मागून आले तं आले.' काका जुन्या गेट रजिस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर, आकडे घालून लिहायचे:

'१. पायदळ पूल चालून बघेल.
२. मग दोन रणगाडे.
३. मागे घ्यायची वेळ आली तर प्रत्येक रणगाड्यामागे माणूस.
४. टेकडी.'

टेकडी नेहमी चौथी.

हा तिसरा आकडा खेळाचाच एक नियम होता, काकांनी बनवलेला. रणगाडा मागे घ्यायचा तर त्याच्या मागच्या घरात आपला एक चिंचोका उभा हवा. नसेल तर पंचाने फासा टाकायचा. एक पडला, तर आपलाच एक चिंचोका मेला, पटावरून उचलायचा. दुसरं काही पडलं तर रणगाडा मागे, नुकसान शून्य. बाळाराम शेठ बिनधास्त फासा टाकायला लावायचा. "एक चिंचोका गेला तं गेला. वीस हायेत." काका दोन वर्षांत एकदाही फाशावर गेले नाहीत. ते एक डाव खर्च करून चिंचोका आणून मागे उभा करत, मगच रणगाडा हलवत. तेवढ्या वेळात बाळाराम शेठ टेकडीवर पोचलेला असे. काका जवळजवळ दर रविवारी हरायचे आणि ठळक अक्षरात 'हरलो' लिहायचे.

पंच म्हणून मला पहिल्यांदा तोंड उघडावं लागलं ते काकांच्याच विरुद्ध. त्या दिवशी बाळाराम शेठचा एक रणगाडा कालव्याकाठी एकटा सापडला होता आणि काकांनी आपले दोन तिकडे वळवले. त्यांच्या कागदावर तसं नव्हतं. मी कितीतरी वेळ शब्द जुळवत बसले.

"काका, हे कागदावर नाही."

दोघेही माझ्याकडे वळले. काकांनी हात मागे घेतला आणि रणगाडे मुकाट्याने पुन्हा होते तिथे ठेवले.

"आवाज हाय गो हिला!" बाळाराम शेठ म्हणाला.

"आहे," काका म्हणाले. "जपून वापरते."

*

माझी चूक झाली त्या दिवशी काका रजेवर होते. दुपारी एक कंटेनर फाटकात उभा होता, ज्याचा माल होता त्याचा माणूस फोनवर मला घाई करत होता आणि पहारेकरी चहाला गेला होता. ड्रायव्हरने खालून माझ्या खिडकीकडे बघून हाताने विचारलं, मागे घेऊ का? मी वरून हात हलवला. घ्या.

रामआसरे नावाचा आमचा हमाल धक्क्याच्या कडेला पाय खाली सोडून बसला होता, माल ओढायचा खाली पडलेला आकडा पायाने ओढून घेत. तो खिडकीतून दिसत नव्हता. त्याची किंकाळी वरपर्यंत आली. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी काका येतील आणि मला बोलतील, याची मी वाट बघत होते. ते जेवणाच्या सुट्टीत वर आले, "खाली ये," म्हणाले. रविवार नव्हता तरी केबिनमध्ये पुठ्ठा उलगडलेला होता. त्यावर एकच रणगाडा आणि त्याच्या मागच्या घरात एकच चिंचोका, आडवा.

"हा मी," त्यांनी रणगाड्यावर बोट ठेवलं. "राजस्थानात सराव होता. रणगाड्यात ड्रायव्हर पुढे बसतो, खाली. मागचं त्याला काही दिसत नाही. म्हणून मागे घ्यायचा तर कोणीतरी उतरून चालतं. तो नियमच आहे. त्या दिवशी सगळे दमले होते. मी कोणाला उतरवलं नाही. पायदळाचा एक शिपाई मागे आडवा झाला होता. तिथे झाड नव्हतं, पोरी. सावली फक्त माझ्या रणगाड्याची होती."

बाहेर एक ट्रक हॉर्न देत होता. ते उठले नाहीत.

"सकाळी त्याने माझ्याकडून काडेपेटी नेली होती. म्हणाला, आत्ता देतो."

चौकशी झाली, शिक्षा झाली, ती भोगून ते पुढची वर्षं सैन्याच्या सामानाच्या भांडारात राहिले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही, स्कूटरसुद्धा नाही. धामणकर नाक्यावरून ते रोज शेअर रिक्षाने यायचे आणि ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी असली तरी मागे बसायचे, हे मी पाहिलं होतं. कारण तेव्हा कळलं.

मी रडत होते. माझ्या चेहऱ्याची ख्याती त्या दिवशी संपली. काकांनी चिंचोका उचलून डबीत ठेवला.

"रामआसरेला भेटून ये. फोन नको करूस. पायाने जा."

मी गेले. त्याच्या खोलीत तीन माणसांच्या वळकट्या होत्या आणि तो पाय उशीवर ठेवून बसला होता. मी इंग्रजीत मनात जुळवून ठेवलेलं सगळं विसरले आणि "मेरी गलती थी" एवढंच म्हणाले. त्याने उशीवरचा पाय सरळ केला. मग म्हणाला, "फौजी रहते तो न होता." मला दुसरं काही ऐकायचं नव्हतंच. त्यानंतर कुठलीही गाडी मागे जाणार असेल तेव्हा मी खिडकीतून हात हलवला नाही. पण खालीही उतरले नाही. ते काकांचं काम आहे, असं मी धरून चालले होते.

*

पावसाळ्यानंतर पहाऱ्याचं काम नव्या एजन्सीकडे गेलं. त्यांची वयाची अट होती आणि काका तिच्यापलीकडे होते. महिनाअखेरीपर्यंत राहा, असं त्यांना सांगण्यात आलं. ते नाशिकला लेकीकडे जाणार होते. वाईट वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. नव्या पहारेकऱ्यांना मात्र ते रोज गाडीमागे चालायला शिकवत, आणि ती तरुण माणसं काकांची पाठ वळली की टपरीवर जात. मॅनेजरने तर तोंडावर सांगितलं, "भालेराव, तुमच्यानंतर ही वरात बंद. आम्हाला रांग परवडत नाही."

त्या रविवारी काकांनी पुठ्ठा उलगडला नाही. बाळाराम शेठला म्हणाले, "शेठ, जमीन तुझी आहे. तू सांगितलंस तर कोणी मोडणार नाही. फाटकावर पाटी लाव. माणसाशिवाय गाडी मागे घ्यायची नाही."

"मी कशाला लावू?" शेठ शेंगा सोलत म्हणाला. "भारेकरी लोक बोंबलतील. तुज्या नियमानं काम व्हतं का? दोन वर्सं बघतोय, हरतंस तू."

काकांनी त्याच्यापुढच्या शेंगांच्या साली गोळा केल्या. मग शेठच म्हणाला, "असं कर. पुरच्या रविवारी शेवटचा खेल. तुज्या नियमानं जिंकून दाखव. जिंकलास तं पाटी लावीन, मोठ्या अक्षरात. हरलास तं विषय बंद."

"पंच साक्षीला," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी दोन्ही कागद माझ्या हातात आले. बाळाराम शेठने पहिल्यांदाच पत्रिकेची पूर्ण बाजू भरली होती. 'फौजीला पुलावर अडवायचा न्हाय. टेकडीवर जाऊ द्यायचा. मंग पायथ्याच्या वाटेनं पाठीमागून जायाचं. त्याला मागं यायला लागंल. तो माणूस शोधंल, तवर टेकडी आपली.' काकांच्या कागदावर आकडे नव्हते. दोनच ओळी होत्या. 'पुलावर जायचं नाही. वर कालवा कोरडा आहे तिथून पायदळ चालून वाट बघेल, मागून रणगाडे. मागे यायची वेळच येऊ द्यायची नाही.'

दोघांनी एकाच गोष्टीवर बेत बांधला होता. एक काकांना मागे यायला लावणार होता, दुसरे ती वेळ टाळणार होते. मी दोन्ही घड्या मिटल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

काका इतके छान खेळलेले मी कधी पाहिले नव्हते. चिंचोके कोरड्या कालव्यातून एकेक घर तपासत गेले, मागून रणगाडे. आठव्या डावाला टेकडीवर काकांचे तीन रणगाडे होते. शेठने शेंगा खाणं थांबवलं. दहाव्या डावाला त्याचे दोन रणगाडे पायथ्याच्या अरुंद वाटेच्या तोंडाशी आले. काकांचा एक रणगाडा त्या वाटेच्या एक घर पुढे उभा होता. तो एक घर मागे आला असता तर वाट बंद. उरलेल्या डावांत शेठला टेकडीवर पोचायला दुसरा रस्ता नव्हता.

पण त्या मागच्या घरात माणूस नव्हता. चिंचोके सगळे पुढे, वाट बघायला गेलेले.

मी फासा हातात घेऊन बसले होते. पंचाने मनात काही आणू नये, मी आणलं. टाकायला सांगा, काका. एकदाच.

"टाक न बाय फासा," बाळाराम शेठच म्हणाला. "फौजी, सांग तिला. सहात एकदा मरतो. पाटी पायजेल न तुना?"

काकांनी सर्वांत जवळचा चिंचोका उचलला आणि मागच्या घरात ठेवला. एवढाच त्यांचा डाव. रणगाडा होता तिथेच राहिला. एकट्या चिंचोक्याने रणगाडा अडत नाही, त्यामुळे शेठच्या हाताशी पुढची चाल आपोआप आली. त्याचा रणगाडा वाटेत शिरला, दुसरा मागोमाग. बाराव्या डावाला टेकडी त्याची होती.

जिंकल्यावर तो ओरडला, जसा हरल्यावरही कधी ओरडला नव्हता. "अरे, येरा हायस का तू? सहात एकदा! पाच येला काय व्हत न्हाय!"

"त्या दिवशी मी सकाळपासून सहा वेळा मागे घेतला होता," काका म्हणाले. "पाच वेळा काही झालं नाही."

"कंच्या दिवशी?"

काकांनी त्याला सांगितलं. मला जेवढं सांगितलं होतं, त्याहून कमी शब्दांत. बाळाराम शेठ पटाकडे बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने खिसे चाचपले आणि सिगरेट काढली. काकांनी न मागता काडेपेटी पुढे केली. "परत दे," म्हणाले. शेठ सिगरेट न पेटवताच काडेपेटी मुठीत धरून बसला. काकांनी आपला कागद उलगडून खाली लिहिलं, 'हरलो', आणि सही केली. शेठ निघाला तेव्हाही काडेपेटी त्याच्या मुठीतच होती, आणि काका त्याच्या मागे गेले नाहीत.

*

पाटी लागली नाही. सोमवारी मी वाट बघितली, मंगळवारीही. बुधवारी शेठ भाड्याच्या कामासाठी वर आला, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला अडवून विचारलं.

"शेठ, पाटी?"

"हरला तो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ठरलं तं ठरलं. आता लावली तं मी त्याच्या हरन्यावर थुकलो, असं व्हईल. समजतंय तुना?"

मला ते समजलं नाही. मला तो दगड वाटला.

शनिवारी सकाळी काका निघाले. धामणकर नाक्यामागच्या गल्लीत त्यांची खोली होती. दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने, बारमाही खडखडाट. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. सामान एका टेम्पोत मावलं. पुठ्ठा दोरीने बांधून मागे टाकला होता. गोदामातून निरोपाला आम्ही दोघंतिघंच. गल्ली इतकी अरुंद, की टेम्पो वळवता येत नव्हता. मुख्य रस्त्यापर्यंत सरळ मागेच न्यावा लागणार होता. काका मागे चालायला निघाले, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली आणि बाळाराम शेठ चालत आत आला. गटाराचं पाणी, कापसाचे पुंजके, सुताचे गुंते, त्यातून पांढऱ्या कपड्यांत.

त्याने मूठ उघडून काडेपेटी काकांच्या खिशात टाकली. "मोजून घे काड्या."

"घेईन."

"न आता वर बस. पुढं, डायवरच्या बाजूला."

"मागे कोण..."

"मी हाय न."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग दार उघडून ते पुढच्या सीटवर चढले. मी त्यांना पुढे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. शेठ टेम्पोमागे जाऊन उभा राहिला, त्याने हात वर केला आणि तो उलटा चालू लागला. जमीनदार माणूस, सवय नाही. दर दोन पावलांना मान वळवून पायाखाली बघत होता. टेम्पो इंचाइंचाने मागे सरकला. मी काकांच्या दाराबरोबर चालत होते.

गल्लीच्या मध्यावर शेठ एका हातगाडीला वळसा घालून भिंतीकडे सरला. त्याच क्षणी काकांचा हात खिडकीबाहेर आला, पंजा उघडा. टेम्पो थांबला. काकांची नजर आरशावर होती.

"बाळाराम! आरशात ये!"

खडखडाटात त्याला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तो हात वर करून वाट बघत उभा होता, टेम्पो का थांबला ते त्याला कळत नव्हतं. मी टेम्पोच्या कडेने मागे धावले आणि असेल नसेल तेवढ्या आवाजात ओरडले, "शेठ, आरशात या! त्यांना तुम्ही दिसत नाही!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, चिखलातून दोन पावलं डावीकडे टाकली आणि हात पुन्हा वर केला. मी वळून पाहिलं. टेम्पोच्या आरशात काकांचा चेहरा होता, छोटासा, डोळे बारीक केलेले. त्यांना शेठ दिसला असावा. खिडकीबाहेरचा पंजा सावकाश मिटला, आणि टेम्पो सुरू झाला.